‘फसवणे’ या शब्दाचा साक्षीदार

एकदा एक वृद्ध शिक्षक कोश करायला बसले आणि एका शब्दापाशी अडले. त्यांना अर्थ ठाऊक नव्हता असं मुळीच नाही. ठाऊक होता, म्हणूनच अडले. ही गोष्ट आपल्याकडची नव्हे, बरं का. दूर कंबोडियात तोन्ले साप नावाचं एक विशाल सरोवर आहे, त्याच्या काठच्या एका गावातली आहे. तिथली माणसं ख्मेर भाषा बोलतात आणि गुरुजींना ‘लोकक्रू’ म्हणतात. तेव्हा आपणही या वृद्धाला लोकक्रूच म्हणू. निवृत्त झाल्यावर आंब्याच्या झाडाखाली डुलक्या काढायचं सोडून त्यांनी हा उद्योग आरंभला होता: इंग्रजी शब्दांचे अर्थ गावच्या मुलांना ख्मेरमध्ये समजावून सांगणारं पुस्तक. मदतीला रतनक नावाचा विशीतला शिष्य होता.

लोकक्रूंची कामाची रीत मात्र जगावेगळी होती. प्रत्येक शब्दाला एक जाड कार्ड. वर शब्द, त्याखाली अर्थ, आणि तळाशी साक्षीदार. साक्षीदार म्हणजे गावातला असा माणूस, ज्याच्या आयुष्यात तो अर्थ प्रत्यक्ष घडला आहे. त्याच्याकडे जायचं, त्याच्या तोंडचं एक वाक्य उतरवून घ्यायचं आणि तेच उदाहरण म्हणून छापायचं. ‘भूक’ या शब्दाला त्यांच्या थोरल्या बहिणीचं वाक्य होतं. ‘वाट पाहणे’ याला पलीकडच्या तीरावरच्या नावाड्याचं होतं. साक्षीदार नसेल तर कार्ड पेटीत जायचं नाही, मग शब्द कितीही सोपा असो.

रतनक हुशार होता. त्याच्या हातून कार्ड सहसा परत येत नसे. पण ‘डिसीव्ह’, म्हणजे फसवणे, या शब्दाचं कार्ड तीनदा परत आलं. त्यानं अर्थ लिहिले होते ते असे: खोटे बोलून विश्वास बसवणे. खरे लपवणे. आमिष दाखवून ओढून नेणे. आणि सर्वांत वर, ठळक अक्षरांत, गावात ज्याच्या त्याच्या तोंडी असलेला अर्थ: मूर्ख बनवणे. आपल्यासारखंच तिथेही फसवणं आणि मूर्ख बनवणं एकाच ओसरीवर बसलेलं असतं.

“अर्थ ठीक आहेत,” लोकक्रू म्हणाले. “साक्षीदार कुठाय?”

“मिळत नाही, लोकक्रू. आपल्या गावात असं कुणी फसलेलंच नाही.”

लोकक्रूंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. “अख्ख्या गावात एकही नाही? फारच भाग्यवान गाव आहे बुवा आपलं!”

रतनक कसनुसा हसला. कार्ड घेताना त्याची बोटं थरथरत होती, आणि ती लपवण्यासाठी त्यानं कार्ड दोन्ही हातांनी धरलं.

तो का थरथरत होता, ते आता सांगतो. रतनकला मालिस नावाची थोरली बहीण होती. शांत, कामसू, शिवणकामात तरबेज. अडीच महिन्यांपूर्वी तिला एक इंग्रजी पत्र आलं होतं. सीमेपलीकडच्या एका समुद्रकाठच्या शहरात मोठं हॉटेल आहे, पाहुण्यांची विचारपूस करायला मुली हव्यात, राहणं-जेवण हॉटेलकडे. मालिसला इंग्रजी बेताचंच यायचं, म्हणून पत्र रतनकनं वाचलं. कोशकाराचा शिष्य तो! नऊ शब्द अडले, ते त्यानं लोकक्रूंच्या कार्डांवरून पडताळून पाहिले. सगळे बरोबर बसले. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की नेमणूक पक्की होईपर्यंत कुणाला सांगू नये, इतर उमेदवार मोडता घालतात. तीही ओळ त्यानं बिनचूक भाषांतर करून आईला ऐकवली आणि मोठ्या ऐटीत म्हणाला, “आई, यात संशयाचा एकही शब्द नाही.” त्याला शब्दांची पारख होती. शब्द खरे निघाले की पत्र खरं, असा हिशेब फक्त कोश करणाराच मांडू शकतो!

मालिस गेली. त्यानंतर दर रविवारी सकाळी तिचा फोन यायचा. “मी बरी आहे. काम छान आहे. काळजी करू नका.” तीन वाक्यं, दर वेळी तीच, त्याच क्रमानं. मग फोन बंद. पहिल्या रविवारी रतनकला बरं वाटलं. दुसऱ्या रविवारी काहीतरी खटकलं. तिसऱ्या रविवारी त्याला कळून चुकलं की ही आपली बहीण बोलत नाही, तिच्याकडून कुणीतरी बोलवून घेतंय. अशा मोठमोठ्या बंद इमारतींबद्दल त्यानं ऐकलं होतं. आत माणसांना कोंडून त्यांच्याकरवी दूरदेशीच्या लोकांना फोनवर गंडवतात, आणि जो नाही म्हणेल त्याचं काय करतात ते ऐकून त्याची झोपच उडाली होती.

मग त्यानं कुणाला सांगितलं? कुणालाच नाही! तुम्ही म्हणाल, हा कसला भाऊ? जरा थांबा. स्वतःच्या तोंडानं, स्वतःच्या ज्ञानानं त्यानं बहिणीला त्या दारात नेऊन सोडलं होतं. सांगायचं म्हणजे गावाला असं म्हणू द्यायचं की लोकक्रूंचा तो पंडित, त्याला कुणीतरी एका कागदानं मूर्ख बनवलं. आणि आईला काय सांगायचं? आई तर दर रविवारी हसतमुखानं फोन कानाला लावायची आणि “छान आहे ना, मग झालं,” म्हणून कामाला लागायची. तिला कसलीच शंका नाही असं रतनकला वाटायचं. तिचं हसू मोडायची त्याला हिंमत होत नव्हती. अशा रीतीनं आठ रविवार गेले, आणि प्रत्येक रविवारी भीती वाढत गेली.

कार्ड तिसऱ्यांदा परत आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, नुकतंच उजाडलं असताना, लोकक्रू त्याच्या दाराशी उभे. “चल, होडीत बस.”

“कुठे, लोकक्रू?”

“मासे पाहायला.”

त्या सरोवरात मासे धरायची एक जुनी पद्धत आहे. उथळ पाण्यात बांबूच्या कामट्यांचं लांबच लांब कुंपण रोवतात. मासा पोहत येतो, कुंपण आडवं लागतं, म्हणून तो त्याच्या कडेकडेनं पुढे जातो. शेवटी एक गोल खोली लागते. तिच्या तोंडाशी कामट्या आतल्या बाजूला वळवलेल्या असतात. आत शिरताना त्या वाट देतात, बाहेर पडताना मिटतात. लोकक्रूंच्या भाच्याचं असं एक कुंपण होतं. धुकं दाट होतं. होडी कुंपणाच्या टोकाशी थांबली, तशी लोकक्रू म्हणाले, “उतर. कुंपण धरून चालत जा.”

“कुठवर?”

“जाववेल तिथवर.”

रतनक चक्रावला, पण गुरूंची आज्ञा. तो पाण्यात उतरला. पाणी कमरेइतकं होतं, तळाशी चिखल. पाय रुतत होते. पण हाताशी कुंपण होतं, म्हणून त्याला धीर होता. खरं तर त्या धुक्यात तेवढा एकच आधार होता. तो धरून धरून चालत राहिला. एके ठिकाणी दोन्ही बाजूंनी कामट्या अंगाला लागल्या, तो तिरका होऊन आत सरकला, आणि चार पावलांनी पुढची वाट संपली.

तो मागे वळला. मागेही कामट्या. त्यानं हातांनी चाचपलं. सगळीकडे सारख्याच कामट्या, सारख्याच गाठी. आपण आलो ती फट कुठली, तेच कळेना. इथे पाणी छातीपर्यंत होतं. पायांना मासे धडका देत होते. मग काहीतरी लांब, गुळगुळीत, सावकाश त्याच्या पोटरीला घासून गेलं. त्या सरोवरात पाणसाप पुष्कळ असतात हे त्याला ठाऊक होतं, आणि त्यातला कुठला विषारी नि कुठला बिनविषारी हे पाण्याखाली कळत नाही. त्यानं कामट्या ओढल्या, बोटं रक्तबंबाळ झाली, कामटी हलली नाही. धुक्यात होडी दिसत नव्हती. वल्ह्याचा आवाज नव्हता. म्हातारा गेला की काय?

ओरडावं असं त्याला वाटलं. तोंड उघडलं, आणि मिटलं. माशांच्या पिंजऱ्यात अडकलेला वीस वर्षांचा गडी! कोळी ऐकतील, संध्याकाळपर्यंत गावभर होईल. आपली आपण वाट काढू. तो पुन्हा चाचपू लागला. पाय गारठले. ती लांब, गुळगुळीत वस्तू पुन्हा आली आणि या वेळी दोन पायांच्या मधून गेली. रतनकची गाळण उडाली. “लोकक्रू!” तो किंचाळला. “लोकक्रू, मला बाहेर काढा!”

त्याच क्षणी त्याच्या उजव्या हाताशेजारची कामट्यांची एक झडप वर उचलली गेली. मासे काढायची ती झडप. पलीकडे होडी होती, आणि होडीत लोकक्रू. ते गेलेच नव्हते. पूर्ण वेळ ते तिथेच, हातभर अंतरावर बसून होते.

रतनक होडीत कोसळला. दात कुडकुडत होते. लोकक्रूंनी आपलं सुती उपरणं त्याच्या खांद्यांवर टाकलं. मग त्यांनी विचारलं, “कुंपणातली एखादी कामटी तुझ्याशी खोटं बोलली?”

“नाही.”

“आत शिरलास, तो मूर्ख होतास म्हणून?”

“नाही... मला आधार हवा होता म्हणून.”

“बरोबर. धुकं होतं, चिखल होता, हाताला काहीतरी लागलं, ते तू धरलंस. कुणीही धरलं असतं. मीही धरलं असतं. आता खरं सांग. अडकलोय हे कळल्यापासून हाक मारेपर्यंत इतका वेळ का घालवलास? मी ऐकत होतो. तू कामट्या उपटत होतास, रडत होतास, पण हाक मारत नव्हतास.”

“लाज वाटली, लोकक्रू.”

“तीच या सापळ्याची शेवटची कामटी,” लोकक्रू म्हणाले. “माझा एक विद्यार्थी होता, कोसाल नावाचा. जहाजावर काम देतो म्हणून त्याला नेलं आणि चार वर्षं भर समुद्रात राबवलं. तो निसटला. पण घरी आला नाही. इथून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, बाजारात पोती वाहत अकरा वर्षं राहिला. मला योगायोगानं दिसला. मी म्हटलं, अरे, आलास का नाहीस? तर म्हणाला, ‘तुम्हीच वर्गात सांगितलं होतंत ना, फसला तो मूर्ख बनला? मूर्खाचं तोंड आईला काय दाखवू?’ त्याची आई तोवर गेली होती. तो अर्थ मी शिकवला होता, लेकरा. मी! फसवणाऱ्यानं त्याची चार वर्षं घेतली आणि माझ्या एका वाक्यानं अकरा. म्हणून ‘मूर्ख’ हा शब्द त्या कार्डावर मी ठेवणार नाही. फसवणारा खोटं बोलतो, ही त्याच्या कामाची सुरुवात झाली. आपल्याला आपल्या माणसांपासून एकटं पाडलं, की त्याचं काम पुरं होतं. मग कुलूपसुद्धा लागत नाही.” त्यांनी वल्हं उचललं. “तू आजवर दोनशेच्या वर साक्षीदार आणलेस. याच एका शब्दाला तुझे हात थरथरले. कोण आहे रे तो साक्षीदार?”

रतनकनं सगळं सांगितलं. आठ रविवार साचलेलं एका दमात बाहेर पडलं. लोकक्रूंनी होडी काठाकडे वळवली.

घरी आई तांदूळ निवडत होती. अंगावरचं पाणी निथळत असतानाच रतनक तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला. “आई, बाँग कुठल्यातरी भयंकर जागी अडकली आहे.” थोरल्या भावंडाला तिथे बाँग म्हणतात. “पत्र मीच वाचलं होतं. मला तिसऱ्या रविवारीच कळलं होतं, आणि मी बोललो नाही.”

आईचे हात सुपातच राहिले. “मला दुसऱ्या,” ती म्हणाली.

“काय?”

“मला दुसऱ्याच रविवारी कळलं होतं. माझ्या पोटची आहे ती, आवाज कळत नाही होय मला? पण पत्र तू वाचलेलं. तुला कळलं असतं तर तू स्वतःला काय करून घेतलं असतंस, या भीतीनं मी हसत राहिले.” आणि मग ती बाई जी रडायला लागली, ती आवरेना. एका छपराखाली, एका ताटाशी बसून, दोघं एकमेकांपासून एकच भीती लपवत होती. मला विचाराल तर या गोष्टीतला सर्वांत भयंकर भाग हाच आहे.

त्याच दिवशी तिघं गावच्या प्रमुखाकडे गेली, तो त्यांना घेऊन जिल्ह्याच्या पोलिसांकडे गेला. अधिकारी माणूस सज्जन होता, पण त्यानं हात टेकले. “सीमेपलीकडच्या पोलिसांना कळवतो. पण त्या शहरात अशा कितीतरी इमारती आहेत. कुठली ते सांगा. चुकीच्या दारावर थाप पडली, तर बरोबर दारामागची माणसं तासाभरात हलवतील.”

म्हणजे आता सारं मालिसच्या एका फोनवर होतं. आणि तिच्या शेजारी कुणीतरी उभं असणार, हे तर उघड होतं. आपण काही विचारलं आणि त्यानं ऐकलं, तर तिचं काय होईल?

रविवारी सकाळी फोन वाजला. आई, लोकक्रू आणि रतनक अंगणातल्या बाजेवर बसले होते. “मी बरी आहे,” मालिसचा आवाज आला. “काम छान आहे—”

“बाँग,” रतनक मध्येच बोलला, “आम्हाला ठाऊक आहे. चूक पत्र वाचण्यात झाली, ती माझी. तू मूर्ख नाहीस. कुणी हसणार नाही. तू फक्त हाक मार.”

पलीकडे शांतता. आता फोन बंद होणार, असं रतनकला वाटलं; आणि बंद झाला तर त्यानंतर काय, याचा विचारही त्याला करवेना.

मग मालिस हसली. खळखळून, जत्रेतली गंमत सांगावी तशी. “ओन,” धाकट्या भावंडाला मारतात तशी हाक मारून ती म्हणाली, “माझ्याजवळ जो उभा आहे ना, त्याला आपली भाषा येत नाही. त्याला नुसता सूर कळतो. म्हणून मी हसतेय. तूही हास. आईला हसायला सांग. रडायचा आवाज गेला तर तो फोन काढून घेईल.”

तेव्हा ती तिघं हसली. आईनं तोंडावर हात न धरता, डोळ्यांतून धारा लागलेल्या असताना, मोठमोठ्यानं हसून दाखवलं. आणि मालिस हसत हसत सांगत गेली: चौथा मजला, खिडक्यांना जाळ्या, समोर दोन निळ्या पाण्याच्या टाक्या, डावीकडे अर्धवट बांधलेला पूल. आम्ही बावीस जण होतो. परवा एकानं खिडकीतून उडी मारली. हे सांगताना ती सर्वांत मोठ्यानं हसली. रतनक भराभर लिहून घेत होता. आपल्या बहिणीचं ते हसणं हीसुद्धा फसवणूकच, आणि तिच्याइतकं खरं बोलणं आपण आजवर ऐकलेलं नाही, हे त्याला कळत होतं. कार्डावरचे अर्थ किती तोकडे होते!

“आठ रविवार का नाही बोललीस, पोरी?” आईनं हसण्याच्या सुरात विचारलं.

“ओननं किती हौसेनं पत्र वाचलं होतं, आई,” मालिस म्हणाली. तेवढ्या एका वाक्याला तिचं हसू डळमळलं, आणि फोन तुटला.

पुढचे अकरा दिवस त्या घरात कुणी नीट झोपलं नाही. बाराव्या दिवशी दोन निळ्या टाक्यांसमोरच्या इमारतीचं दार पोलिसांनी उघडलं. मालिस धरून एकवीस माणसं बाहेर आली. त्यांतल्या तेरा जणांच्या घरी सर्वांना संशय आला होता, आणि कुणीच बोललं नव्हतं.

मालिस होडीतून उतरली तेव्हा धक्क्यावर गाव जमलं होतं. एक शेजारीण पुढे सरसावली, “अगं, एवढी शहाणी तू, अशी कशी ग—” आणि लोकक्रूंनी आयुष्यात पहिल्यांदाच एका बाईमाणसाला भर लोकांत गप्प बसवलं. “तो प्रश्न नको,” ते म्हणाले. आईनं लेकीचा हात धरला आणि काही न विचारता तिला घरी नेलं. ‘डिसीव्ह’चं कार्ड मग पेटीत गेलं: ‘मूर्ख’ हा शब्द खोडलेला, आणि तळाशी साक्षीदार म्हणून रतनक.

आपल्या ओळखीत कुणी फसलं, की आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो, एवढं ज्यानं त्यानं आठवून पाहावं.